माणूस गेल्यावर घरात राहतं ते सामान

या अंकासाठी निवडलेली पत्रं एकाच अडचणीची आहेत. घरातलं माणूस गेलं, त्याच्या वस्तू मागे राहिल्या, आता त्यांचं काय करायचं? पत्रं थोडी आटोपती केली आहेत आणि नावं काढून टाकली आहेत.

प्रश्न: ह्यांना जाऊन अडीच महिने झाले. नणंदबाई म्हणतात, कपडे, चपला, चष्मा सगळं घराबाहेर काढा, नाहीतर त्यांचा जीव अडकून राहील. तेराव्यालाच द्यायला हवं होतं, असंही ऐकावं लागतं. मला कपाट उघडायचा धीर होत नाही. किती दिवसांत आवरायचं असतं?
– नाशिक

उत्तर: ताई, असा ठरलेला दिवस नाही. तेराव्याला शय्यादान करायची चाल बऱ्याच घरांत आहे. त्यात गादी, चादर, छत्री, चपला, तांब्या-भांडं, कपडे देतात, आणि या वस्तू बहुतेक जण नव्या आणूनच देतात. ते झालं असेल तर रीत पुरी झाली. कपाट रिकामं करणं हा त्या विधीचा भाग नाही. नणंदबाईंचाही भाऊ गेला आहे, हे मात्र लक्षात असू द्या. त्यांना एकदा शांतपणे विचारा, "त्यांचं काही तुम्हाला ठेवायला हवं का?" घाई करणाऱ्या माणसालाच अनेकदा काहीतरी हवं असतं आणि मागायचा संकोच असतो.

दिवस ठरलेला नसला तरी क्रम आहे. काही गोष्टी थांबत नाहीत. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते. ती झालीच असेल, तर दाखल्याच्या आठ-दहा प्रती आत्ताच काढून ठेवा. बँक, विमा, पेन्शन, गॅस, वीज, सोसायटी अशा प्रत्येक ठिकाणी एकेक लागते. त्यांचा मोबाइल नंबर चालू ठेवा. उरलेली औषधं घरातून काढा. पॅन कार्ड टाकू नका, कारण त्या वर्षाचं प्राप्तिकर विवरणपत्र वारसाला भरावं लागतं. लॉकरची किल्ली, ठेवींच्या पावत्या, विम्याचे कागद, कुणाला उसने दिले-घेतले त्याची वही, हे सगळं एका पिशवीत घाला. त्यांच्या एटीएम कार्डावरून पैसे काढायचा मोह टाळा. बँकेला कळवा आणि नॉमिनी किंवा वारस म्हणून रीतसर मागा. नाहीतर पुढे इतर वारसांशी त्यावरूनच वाद होतात.

कपडे, चष्मा, घड्याळ, हस्ताक्षरातल्या वह्या यांना कसलीही मुदत नाही. त्या वर्षभर तशाच राहिल्या तरी कुणाचं काही बिघडत नाही.

हात लावावासा वाटेल तेव्हा पूर्ण कपाट काढू नका. एक खण घ्या, आणि तोही रुमाल-मोज्यांचा. फोटो आणि पत्रं सगळ्यांत शेवटी, कारण ती हाती आली की दिवस तिथंच जातो आणि बाकीचं अर्धवट पसरून राहतं. वेळ दिवसाची, जेवण झाल्यानंतरची. तासाभरात थांबायचं. रात्री एकटीनं कधीच नाही. सोबतीला असं एक माणूस हवं, जे पिशव्या धरेल आणि मत देणार नाही.

चार ढीग करा: राहणार, द्यायचं, टाकायचं आणि आत्ता ठरत नाही. हा चौथा ढीग मोठा झाला तर होऊ द्या. त्याचं खोकं करून वर आत काय आहे ते लिहा आणि सहा महिन्यांनंतरची तारीख घाला. यादी लिहिली नाही तर प्रत्येक वेळी खोकं उघडून सगळं पुन्हा हाताळावं लागतं, आणि त्यातच माणूस थकतो. खोकं गळक्या माळ्यावर टाकू नका. पावसाळ्यात बुरशी आली की निर्णय तुमच्या हातात राहत नाही.

देण्याआधी पँटचे मागचे खिसे, कोटाचा आतला खिसा, बॅगेचं अस्तर आणि कपाटात अंथरलेल्या कागदाखालची जागा पाहा. पैसे, किल्ल्या आणि पावत्या तिथंच सापडतात.

वापरात असलेला एखादा सदरा वासासाठी ठेवावासा वाटत असेल, तर तो न धुता सावलीत पुरता वाळवा आणि झाकण घट्ट बसणाऱ्या काचेच्या बरणीत ठेवा. जवळ डांबरगोळ्या नकोत, त्यांच्या वासात मूळचा वास हरवतो. असा एकच कपडा ठेवा. घामाचे कपडे ढिगानं ठेवले तर पिवळे पडतात आणि कसर लागते.

प्रश्न: आईच्या साठेक साड्या आहेत. इरकल, नारायणपेठ, दोन पैठण्या, बाकी रोजच्या सुती आणि सिंथेटिक. आम्ही तिघी बहिणी. गोधड्या कराव्यात असं मनात आहे, पण कापायला हात धजत नाही. बाकीच्या बोहारणीला दिल्या तर आईचा अपमान होईल का?
– सोलापूर

उत्तर: आधी एकही साडी न कापता सगळ्या एका सतरंजीवर पसरा, प्रत्येकीचा फोटो काढा आणि तिघींनी आपापल्या दोन-तीन साड्या नेसण्यासाठी उचला. या साड्या गोधडीत जाणार नाहीत, एवढं नक्की झालं की कापण्याची भीती बरीच कमी होते.

गोधडीला सुतीच साडी घ्या, आणि चांगली वापरून मऊ झालेली. सिंथेटिक साडी घसरते, थर एकमेकांवर बसत नाहीत आणि अंगावर घेतल्यावर उकडतं. जुनं रेशीम टाक्याच्या ओळीवर फाटतं. निवडलेली साडी उजेडासमोर धरा. निऱ्यांचा आणि बसण्याचा भाग विरलेला असतो, तो आतल्या थरात घाला. काठ-पदर शाबूत असतात, ते बाहेर.

मापाचा हिशेब असा. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या आतबाहेर पन्ह्याची असते. एका माणसाच्या गोधडीला सुमारे २.१ मीटर बाय दीड मीटर लागतं. साडीचा एक पन्हा त्याला पुरत नाही, म्हणून २.१ मीटरचे दोन तुकडे शेजारी जोडून जादा रुंदी कापली की एक थर होतो, म्हणजे एका थराला एक साडी. वर एक, खाली एक, आत दोन ते तीन, अशा चार-पाच साड्यांत एक गोधडी होते. सहा थरांच्या पुढे गेलात तर सुई ओढताना बोटं सोलतात आणि धुतल्यावर गोधडी वाळत नाही. नऊवारी असेल तर तीत दीड थर निघतो.

नव्यासारख्या किंवा गडद रंगाच्या साड्या वेगवेगळ्या बादल्यांत भिजवा आणि पाणी रंगहीन येईपर्यंत धुवा. लाल आणि काळी इरकल यात हमखास फसवते. पहिल्याच धुण्यात शेजारची पांढरी साडी गुलाबी होते. मग थर अंथरून मधून कडेकडे हात फिरवत सुरकुत्या काढा आणि वीतभर अंतरावर मोठे कच्चे टाके घाला. हे टाके टाळले की शिवता शिवता कापड पुढे सरकतं आणि मध्यावर झोळ येतो. तो नंतर उसवल्याशिवाय जात नाही. पक्का धावदोरा कडेपासून आत, बोटभर अंतराच्या ओळींनी. लांब जाड सुई आणि दुपदरी सुती दोरा. नायलॉनचा दोरा जुनं कापड कापतो. शिवणारी बाई लावणार असाल तर तिला आईची एखादी ओळखीची खूण, पदराचा तुकडा किंवा ठिगळ, कुठं यायला हवं ते आधी सांगा. ती आपल्या सवयीनं चांगलं कापड वर घेते आणि तुम्हाला हवा असलेला जुना तुकडा आत जातो.

पैठणी कापू नका, जोवर ती घड्यांवर चिरली नाही तोवर. मलमलीत गुंडाळा, प्लास्टिकमध्ये नको. दर तीन-चार महिन्यांनी घडी बदला, कारण रेशीम त्याच त्याच घडीवर तुटतं. जरीला डांबरगोळी टेकू देऊ नका. जुनी जरी विकत घेणारे येतात. ते चांदीच्या वजनावर भाव करतात. दोघांना दाखवल्याशिवाय देऊ नका आणि वजन तुमच्यासमोर होऊ द्या. नकली जरीला मोल येत नाही, त्यामुळे आधीच फार अपेक्षा धरू नये.

आता बोहारीण. यात अपमान कसला? आईनंही आयुष्यभर तिच्याकडून भांडी घेतली असतील. ती साडी धुऊन, नीट करून पुढे विकते आणि कुणीतरी ती नेसतं. कचऱ्यात जाण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं. एक खबरदारी मात्र आम्ही प्रत्येकाला सांगतो. तीच साडी आपल्या गल्लीत दुसरीच्या अंगावर दिसली तर सोसेल का, याचा आधी विचार करा. सोसणार नसेल तर दुसऱ्या गावी द्या. पदराच्या गाठी सोडून पाहा. अनेक बायका त्यात पैसे बांधून ठेवतात.

वृद्धाश्रमाला द्यायच्या असतील तर फोन करून विचारा. तिथं सुती साड्या, गाऊन, स्वेटर लागतात, भरजरी नाही. ब्लाउज सहसा कुणाच्या मापाचे नसतात, पण सगळ्यांत अवघड जातात ते हेच, कारण त्यांना अंगाचा आकार असतो. ते घाईनं निकालात काढू नका. अंतर्वस्त्रं कुणाला द्यायची नाहीत; कापून, कागदात गुंडाळून टाकायची.

प्रश्न: वडील दोन वर्षं अंथरुणावर होते. घरात फाउलर कॉट (डोक्याची-पायाची बाजू वर करता येणारी), एअर मॅट्रेस, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं यंत्र), एक सिलिंडर, डायपरचे पुडे, पिशवीभर औषधं, श्रवणयंत्र, कवळी, तीन चष्मे आहेत. यातलं काय कुणाच्या उपयोगी पडेल?
– पुणे

उत्तर: पुष्कळ काही पडेल, आणि हे सामान लवकर दिलेलं बरं. कॉटकडे पाहून घरच्यांना आजारपणाचेच दिवस आठवत राहतात, आणि पडून राहिलं की ते खराबही होतं.

सिलिंडर आधी. तो बहुधा भाड्याचा असतो. अनामतीची पावती शोधा आणि ज्यानं दिला त्यालाच परत करा. रिकामा वाटला तरी त्यात दाब असू शकतो, म्हणून भंगारात कधीच नाही.

पुण्यात आणि राज्यातल्या अनेक शहरांत रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं आहेत. ती कॉट, व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची अनामत घेऊन गरजूंना वापरायला देतात. नेण्याआधी कॉटचा हँडल आणि तिचे नट एका पिशवीत घालून कॉटलाच बांधा. हँडल हरवलेली कॉट केंद्राच्या काही कामाची नाही. एअर मॅट्रेस साबणाच्या पाण्यानं पुसून पूर्ण वाळवा आणि पंप लावून रात्रभर फुगवून ठेवा. सकाळी बसलेली दिसली तर गळती आहे, तसं सांगून द्या. कॉन्सन्ट्रेटरवर किती तास चालला त्याचा आकडा दिसतो, तो लिहून द्या. नळी आणि पाण्याची बाटली नवीन लागते, जाळी धुऊन द्या. यंत्र घरीच ठेवणार असाल तर महिन्यातून एकदा काही तास चालवा. बंद राहिलं की आतला ऑक्सिजन वेगळा करणारा पदार्थ ओल धरतो आणि मग शुद्धता घसरते.

औषधांबाबत काटेकोर राहा. पूर्ण, न कापलेल्या, मुदत शिल्लक असलेल्या पट्ट्या बिलासह दुकानदार परत घेतो का ते विचारा, किंवा धर्मादाय दवाखान्याच्या फार्मासिस्टकडे द्या. शेजारच्या काकांना "तुम्हालाही बीपीच आहे ना" म्हणून देऊ नका. इन्सुलिन सतत थंड राहिलं की नाही हे कुणाला सांगता येत नाही, म्हणून फोडलेली किंवा खात्री नसलेली बाटली पुढे द्यायची नाही. उरलेल्या साध्या गोळ्या पट्टीतून काढून वापरलेल्या चहापूडमध्ये कालवा आणि बंद पिशवीतून टाका. मॉर्फिन, फेंटानिल, ट्रॅमाडॉल, डायझेपाम ही तीव्र वेदनेवरची आणि गुंगी आणणारी औषधं मात्र वेगळी. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेनं अशा १७ औषधांची यादी केली आहे. ती चुकून कुणी घेतली तर जीव जाऊ शकतो, म्हणून कचऱ्यात न टाकता शौचालयात पाण्यासोबत सोडून द्यावीत असं त्यात सांगितलं आहे. वेदनाशमन केंद्राकडून आणली असतील तर आधी त्यांनाच विचारा. फेंटानिलच्या अंगाला चिकटवायच्या पट्टीत (पॅचमध्ये) ती वापरून झाल्यावरही औषध उरतं. चिकट बाजू आत दुमडा आणि लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत, झाकण चिकटपट्टीनं बंद करून, वर "सुया" लिहून.

कानामागे बसणारं श्रवणयंत्र ऑडिओलॉजिस्ट दुसऱ्या माणसासाठी नव्यानं जुळवून देतो, फक्त कानातला साचा नवा करावा लागतो. पूर्ण कानात बसणारं यंत्र त्या कानाच्या मापाचंच असतं. दोन्हींतला सेल आजच काढा, गळला तर यंत्र जातं. चष्मे लायन्स क्लब गोळा करतात. कवळी दुसऱ्या कुणाला बसत नाही. सोन्याचा दात असेल तर दंतवैद्याकडून काढून घ्या.

प्रश्न: धाकटा भाऊ ३४ व्या वर्षी अपघातात गेला. त्याचा फोन लॉक आहे. आईला त्याचा आवाज ऐकायचा असतो. दुकानदार म्हणतो, रीसेट करून देतो.
– ठाणे

उत्तर: रीसेट अजिबात नको, त्यात सगळं पुसलं जातं. अंदाजानं पिन टाकणंही थांबवा. आयफोन चुकीच्या आकड्यांनंतर बंद होत जातो, आणि तशी सेटिंग केलेली असेल तर दहाव्या चुकीला आतलं सगळं काढून टाकतो.

त्याचा आवाज मिळवण्यासाठी त्याचा फोन उघडायची गरजच नाही. त्यानं आईला, तुम्हाला, मित्रांना पाठवलेल्या व्हॉइस नोट्स तुमच्या फोनांत आहेत. आज संध्याकाळीच हे काम करा, कारण फोन बदलला किंवा जागा भरली म्हणून कुणी चॅट साफ केलं की त्या जातात. त्याच्या चॅटमध्ये जाऊन मीडियासकट "एक्स्पोर्ट चॅट" करा. अँड्रॉइडवर फाइल मॅनेजरमध्ये व्हॉट्सअॅपच्या मीडिया फोल्डरात "व्हॉइस नोट्स" वेगळ्या असतात. शेवटी ओपस असं लिहिलेल्या फाइली त्याच. दोन ठिकाणी प्रती ठेवा, एक पेन ड्राइव्हवर आणि एक नातलगाच्या घरी. मित्रांना आणि त्याच्या ऑफिसातल्या लोकांनाही विचारा. लग्नाच्या व्हिडिओंच्या मूळ फाइलीही मागून घ्या. आईला एकदम शंभर फाइली देऊ नका, दोन-तीन निवडून द्या.

त्याचं सिम चालू ठेवा. प्रीपेड नंबर ९० दिवस न वापरल्यास बंद होऊ शकतो, पुढे काही काळानं दुसऱ्याला मिळतो, आणि एके दिवशी आईच्या फोनवर भावाच्या नावाखाली अनोळखी माणसाचा फोटो दिसतो. हा धक्का फार वाईट असतो. मृत्यूचा दाखला घेऊन नंबर घरच्या कुणाच्या नावावर करून घ्या. व्हॉट्सअॅपचं खातं १२० दिवस वापरात नसेल तर काढून टाकलं जातं, आणि गुगलचं दोन वर्षांनी. फोटो गुगलवर असतील तर मृत व्यक्तीच्या खात्यासाठी त्यांच्याकडे अर्ज करता येतो. अॅपलला त्यानं आधी वारस-संपर्क नेमला असेल तर सोपं, नसेल तर बहुधा न्यायालयाचा आदेश लागतो. फेसबुकचं खातं स्मरणार्थ करून घेता येतं.

फोन कपाटात पडून राहणार असेल तर निम्मा चार्ज करून बंद करा आणि तीन महिन्यांनी पुन्हा चार्ज करा. बॅटरी फुगलेली दिसली तर चार्जर लावू नका.

प्रश्न: आई-बाबा दोघंही गेले. साताऱ्याचं घर विकायचं आहे. मी तीन आठवड्यांसाठी येतेय. दोघे भाऊ तिथंच आहेत. दागिने, तांब्या-पितळेची भांडी, जुन्या पोथ्या, मोडी लिपीतले कागद आहेत. भांडण नको आहे.
– न्यू जर्सी

उत्तर: विमानात बसण्याआधी मृत्युपत्र आहे का ते विचारून घ्या. नसेल, तर हिंदू वारसा कायद्यानुसार आई-बाबांच्या मालमत्तेत तुम्हा तिघांचा सारखा वाटा आहे, दागिन्यांसह. हे आधीच उच्चारलेलं बरं. मनात ठेवलं की ते शेवटच्या दिवशी ओरडून बाहेर पडतं.

पहिले दोन दिवस काहीही वाटू नका. प्रत्येक वस्तूला नंबराची चिठ्ठी लावा, फोटो काढा, यादी करा. सोनं दोन सराफांकडे तोलून, शुद्धता पाहून लिहून घ्या. मोडीत काढताना घडणावळ मिळत नाही, म्हणून किमतीचा हिशेब फक्त वजन आणि शुद्धतेवर धरा. मग "आईनं हे मला द्यायचं म्हटलं होतं" असे दावे प्रत्येकानं एकाच वेळी कागदावर लिहून द्यायचे. ज्या वस्तूवर एकच नाव आलं ती त्याची. उरलेल्यांसाठी पाळी लावा: पहिली फेरी थोरला, मधला, धाकटा, दुसरी उलट, धाकट्यापासून. एकाच क्रमानं फेऱ्या घेतल्या तर शेवटच्याच्या वाट्याला नेहमी उरलेलं येतं.

सोन्यावरून जेवढा वाद होत नाही तेवढा पुरणयंत्र, अडकित्ता, खलबत्ता, पोळपाट यांवरून होतो. त्यांना यादीत सगळ्यांत वर ठेवा आणि सुनांनाही विचारा. ज्यांनी शेवटची वर्षं सेवा केली त्यांना पहिली निवड द्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. कायदा तसं सांगत नाही, तरीही.

पितळेची भांडी मोडीत वजनावर जातात. वापरायला नेणार असाल तर आधी कल्हई करून घ्या. कल्हईशिवाय आंबट पदार्थ कळकतात. १०० वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू आणि ७५ वर्षांहून जुनं हस्तलिखित १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं, ते देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू तेवढी जुनी नाही असं वाटत असेल तर पुरातत्त्व खात्याचा तसा दाखला घ्या. हे काम तीन आठवड्यांत होईलच असं धरू नका, पोथी भावाकडे राहू द्या.

मोडी कागद रद्दीत तर नकोतच, पण लॅमिनेटही करू नका. चिकट प्लास्टिक पुन्हा निघत नाही. उन्हात घालू नका, शाई उडते. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाशी संपर्क साधा. ही संस्था १९१० पासून जुने कागद जमवून जपण्याचं काम करते आहे. नेण्याआधी प्रत्येक कागदाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. छापील पुस्तकं वाचनालयाला देताना आधी यादी पाठवा. न विचारता पोती नेऊन टाकली तर ती तशीच पडून राहतात.

प्रश्न: बाबा गेले. आत्या म्हणते, आईनं मंगळसूत्र आणि जोडवी उतरवून द्यावीत. आईला ती ठेवायची आहेत.
– इचलकरंजी

उत्तर: मग ती आईकडेच राहतील. वस्तू तिची, गळा तिचा. मे २०२२ मध्ये तुमच्याच जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड ग्रामपंचायतीनं बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या प्रथा बंद करायचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. आत्याशी वाद आईनं एकटीनं घालायचा नाही, तो तुम्ही घ्या. उद्या तिला स्वतःलाच मंगळसूत्र घालावंसं वाटलं नाही, तर तेही तिनंच ठरवायचं. वाट्या मोडून नातवंडांसाठी काही करायचं तिच्या मनात आलं तर वर्षभर थांबायला सांगा. वितळलेलं सोनं पुन्हा तेच होत नाही.

प्रश्न: मुलगा जाऊन तीन वर्षं झाली. त्याची खोली जशीच्या तशी आहे, पत्नी तिथंच झोपते. ती गावाला जाईल तेव्हा मी आवरून टाकू का?
– नागपूर

उत्तर: नका. बाकी काहीही करा, पण तिच्या माघारी नको. खोली गेली याचं दुःख एकीकडे, आणि तुमच्यावरचा विश्वास गेला याचं त्याहून मोठं होईल.

खोली तशीच ठेवणं हा काही आजार नाही. पाहायचं ते इतकंच की बाकीचं जगणं चालू आहे का. त्या जेवतात का, झोप लागते का, माणसांत जातात का, मुलाबद्दल बोलताना कधीतरी एखादी जुनी गंमतही निघते का? हे होत असेल तर खोलीची घाई नाही. तीन वर्षांनंतरही जवळपास रोज पहिल्या आठवड्यासारखीच तीव्र ओढ, स्वतःला सतत दोष देणं, कुणालाच न भेटणं असं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ याला दीर्घकाळ लांबलेला शोक म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्यासाठी किमान सहा महिने धरले आहेत, अमेरिकन वर्गीकरणात मोठ्या माणसांसाठी एक वर्ष. त्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. टेलि-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आणि चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. "मलाही त्याच्याकडेच जायचंय" असं काही बोलल्या तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

खोलीबाबत सुरुवात काढण्यानं करू नका, सांभाळण्यानं करा. "वाळवी लागतेय का पाहू, खिडकी उघडू, पुस्तकं पुसू" असं म्हणून दोघं मिळून झाडा. पुढच्या वेळी फक्त चादर बदला. मग त्यांना एकच वस्तू निवडू द्या जी कुणाच्या तरी कामी यावी. अभ्यासाची पुस्तकं बहुतेकदा पहिली सुटतात, कारण ती कुठल्यातरी मुलाच्या हाती जाणार असतात. मुलाचं एक शेल्फ कायम राहील, हे आधीच ठरवून सांगा. घरात दुसरं मूल असेल तर त्यालाही विचारा. भावाच्या खोलीत जायची परवानगी नाही असं त्याला वाटत असतं आणि ते कुणी ओळखत नाही. आणि तुम्ही स्वतः त्या खोलीत शेवटचे कधी बसला होतात? तिथं एकट्या त्याच जातात, हेही त्या न सुटण्याचं एक कारण असू शकतं.

प्रश्न: बाबांची स्कूटर मी चालवतो. आरसी त्यांच्याच नावावर आहे. चालेल ना?
– अहिल्यानगर

उत्तर: नियमानं मालक गेल्यापासून ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करायची. तोवर वारस ती चालवू शकतो. मूळ आरसी, मृत्यूचा दाखला, विमा, पीयूसी, तुमचे ओळखीचे कागद, वारस असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि इतर वारसांची संमती लागते. मुदत टळली असेल तर विलंबाचा दंड भरून आता करा. विमा कंपनीला त्याच आठवड्यात कळवा. गेलेल्या माणसाच्या नावावरच्या पॉलिसीवर अपघाताचा दावा अडकतो, आणि समोरच्याला लागलं असेल तर भरपाईची मागणी तुमच्यावर येऊ शकते. स्कूटर १५ वर्षांची झाली असेल तर फेरनोंदणी वेगळी करावी लागते. ती पाच-पाच वर्षांसाठी मिळते. डिकीत बाबांचं लायसन्स, जुने पीयूसी, एखादी चिठ्ठी असेल तर गाडी सर्व्हिसिंगला देण्याआधी काढून घ्या.